नागीण कुठून येते?

कापूस वेचणीचे दिवस. यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या काळ्या मातीच्या शिवारात साठीची एक बाई कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून वेचत असते. संध्याकाळी उजव्या बरगडीखाली चुरचुरायला लागतं. वाकून वाकून चमक भरली असेल, असं म्हणून ती बाम चोळते. दुसऱ्या दिवशी पोलक्याची कड घासली तरी आग होते. कातडी मात्र स्वच्छ. कुणी गॅस म्हणतं, कुणी मूतखडा. एक इंजेक्शन होतं, पित्ताच्या गोळ्या होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीच्या कडेकडेने पोटाकडे जाणारा लाल पट्टा उमटतो आणि त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड, द्राक्षाच्या घडासारखे एकमेकांना बिलगून. शेजारची म्हातारी पदर बाजूला करून एकदाच बघते आणि निदान करते. “माय, हे तं नागीन होय. तोंडाले शेपूट भिडू देऊ नको.”

निदान शंभर टक्के बरोबर. एवढ्या लवकर आणि फुकट निदान शहरातही होत नाही. चुकतो तो पुढचा भाग. नागीण अंगावरून सरपटत निघाली आहे, तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, म्हणून ती वाटेतच थांबवायची, या समजुतीपायी गेरूचा लेप लागतो, नागीण उतरवणाऱ्याकडे खेपा होतात. या समजुतीला हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. पहिल्या शतकातल्या रोममध्ये थोरल्या प्लिनीने नेमकं हेच लिहून ठेवलं आहे: या रोगाचा वेढा पुरा झाला की तो जीव घेतो. ग्रीकांनी त्याला झोस्टर म्हटलं, म्हणजे कमरपट्टा. आणि ‘हर्पिस’ हा शब्द आला सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून. तो धातू आणि संस्कृतातला ‘सृप्’ ही सख्खी भावंडं आहेत. म्हणजे डॉक्टर ‘हर्पिस’ म्हणतात आणि म्हातारी ‘नागीण’ म्हणते तेव्हा दोघंही एकाच सापाबद्दल बोलत असतात.

मग वेढा पुरा का होत नाही? गेरूमुळे नाही. पाठीच्या कण्यातून चेतांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात आणि प्रत्येक जोडीतली एक डावीकडे, एक उजवीकडे जाते. प्रत्येक चेतेला कातडीचा एक ठरावीक पट्टा वाटून दिलेला असतो, भावाभावांत शेत वाटून द्यावं तसा. त्या वाटणीचा धुरा शरीराच्या मधोमध, छातीच्या आणि पोटाच्या रेषेवर असतो. नागीण ज्या चेतेतून येते तिच्या पट्ट्याबाहेर ती सहसा जात नाही, म्हणून मधल्या रेषेपाशी थांबते. हेन्री हेड आणि कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी १९०० साली नागीण होऊन गेलेल्या २१ जणांच्या शवविच्छेदनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पट्ट्यावर फोड आले होते, नेमक्या त्याच पट्ट्याच्या चेतेच्या मुळाशी असलेली गाठ सुजलेली, रक्ताळलेली किंवा व्रण पडलेली होती. कातडीच्या वाटणीचा नकाशा हेडने मोठ्या प्रमाणात या फोडांवरूनच काढला. दोन्ही बाजूंना, अंगभर फोड पसरणं क्वचित घडतं आणि ते खरोखरच धोक्याचं असतं. पण तिथे तोंड-शेपटीचा संबंध नसतो, त्या माणसाची प्रतिकारशक्ती ढासळलेली असते.

त्या गाठीकडे जरा थांबू. वैद्यकात तिला गंडिका म्हणतात. मणक्यांच्या फटीत, कण्याच्या दोन्ही अंगांना, अशा गाठी ओळीने बसलेल्या असतात. चेहऱ्यासाठीची गाठ कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढच्या अंगाला आत असते. कातडीवरचा स्पर्श, चटका, खाज यांची खबर मेंदूकडे नेणाऱ्या चेतापेशींची मुख्य अंगं या गाठींत राहतात आणि तिथून त्यांचे तंतू बोटांच्या टोकापर्यंत, तळपायापर्यंत जातात.

नागीण या गाठीतून येते. मग गाठीत ती कशी गेली?

याचा पहिला धागा सापडला बुडापेस्टमध्ये. यानोश बोकाय या बालरोगतज्ज्ञाच्या १८८८च्या सुमारास ध्यानात आलं की घरात थोरल्या माणसाला नागीण झाली की दोनेक आठवड्यांनी त्या घरातल्या लहान मुलांना कांजण्या निघतात. दोन वेगळ्या नावांचे, वेगळ्या रूपांचे आजार, आणि एकातून दुसरा! पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत थॉमस वेलरने दोन्हींच्या फोडांतला विषाणू प्रयोगशाळेत वाढवला आणि तो एकच असल्याचं दाखवलं. पण सगळी साखळी जुळवली ती कुठल्या बड्या संस्थेने नाही. सायरेनसेस्टर या इंग्लंडमधल्या लहान गावी दवाखाना चालवणाऱ्या एडगर होप-सिम्पसन या डॉक्टराने. साडेतीन हजारांच्या आसपास रुग्ण त्याच्याकडे होते, म्हणजे महागाव तालुक्यातल्या एखाद्या बऱ्या गावाएवढे. सोळा वर्षं त्याने नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. १९२ रुग्ण झाले. त्याला दिसलं की नागिणीची साथ कधी येत नाही, ऋतूशी तिचं देणंघेणं नाही, वय वाढेल तसं तिचं प्रमाण वाढतं, आणि कांजण्यांच्या साथीचा तिच्यावर परिणाम दिसत नाही. बाहेरून येणाऱ्या रोगाची ही लक्षणं नव्हेत. १९६५ साली त्याने मांडलं: लहानपणी कांजण्या झाल्या की विषाणू शरीराबाहेर जात नाही, चेतांच्या गाठीत दडून बसतो आणि पुढे कधीतरी तिथूनच नागीण होऊन बाहेर पडतो. तालुक्याच्या ठिकाणी वही-पेन घेऊन बसलेला डॉक्टर काय करू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १९८०च्या दशकात मृत माणसांच्या गाठींतच विषाणूचा डीएनए सापडला आणि त्याचं म्हणणं पक्कं झालं.

म्हणजे आपल्या वेचणीवाल्या बाईची नागीण शेतातून आली नाही, कुणाच्या नजरेने आली नाही, सापाच्या फुंकरीने तर नाहीच. ती सहा-सात वर्षांची असताना अंगभर कांजण्या निघाल्या होत्या, घराला निंबाच्या डहाळ्या लावल्या होत्या, आईने माता आली म्हणून फोडणी बंद ठेवली होती. पंधरा दिवसांनी निंबाच्या पाण्याने आंघोळ घालून माता गेली असं सगळ्यांनी मानलं. ती गेली नव्हती. तिने मुक्काम हलवला होता.

हा मुक्काम हलवण्याचा प्रवास विलक्षण आहे. चेतापेशीचं मुख्य अंग मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं, तर पायाकडे जाणारा तिचा तंतू मीटरभर लांब असू शकतो. हे डोळ्यांपुढे आणायचं तर ते अंग महागावातल्या एका दहा फुटी खोलीएवढं मोठं करा. मग त्या खोलीतून निघालेला तंतू नागपूर-तुळजापूर महामार्गाने आर्णी ओलांडून पुढे, साठेक किलोमीटरपर्यंत जाईल. आणि याच मापात विषाणूचं कवच किती मोठं? तुरीच्या दाण्याएवढं. त्या दाण्यात सव्वा लाख अक्षरांची डीएनएची चिठ्ठी घडी घालून ठेवलेली.

तुरीचा दाणा साठ किलोमीटर चालत जात नाही, कुणाच्या तरी गाडीत बसतो. चेतापेशीच्या तंतूत बारीक नळ्यांचे रूळ असतात. त्यांवरून पेशीचा नेहमीचा माल जात-येत असतो. टोकाकडून गाठीकडे माल ओढणारं प्रथिन डायनिन, गाठीकडून टोकाकडे नेणारं कायनेसिन. कातडीत शिरलेला विषाणू चेतेच्या टोकात घुसतो, वरचं आवरण टाकतो आणि डायनिनला लटकतो. दिवसाला चार बोटांपासून वीतभर, या वेगाने तो गाठीपर्यंत पोचतो. कांजण्यांच्या विषाणूला आणखी एक वाट आहे. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींत बसून एकदम अनेक गाठींना जाऊ शकतो. म्हणूनच पुढे नागीण कमरेला निघेल की कपाळाला, हे आधी सांगता येत नाही.

गाठीत पोचल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. हाच विषाणू कातडीच्या पेशीत शिरला की काही तासांत तिचा कारखाना ताब्यात घेतो, हजारो नकला काढतो आणि पेशी मारून टाकतो. मग चेतापेशीत तो गप्प का बसतो?

याचं उत्तर जास्त करून ओठावर फोड आणणाऱ्या भावंडाच्या, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्सच्या अभ्यासातून आलं आहे. तापातून उठल्यावर किंवा उन्हातून आल्यावर ओठाच्या कडेला फोडांचा पुंजका येतो ना, तो हा. जगातल्या पन्नाशीखालच्या दर तिघांतल्या जवळजवळ दोघांच्या अंगात तो असतो, बहुतेकांना पत्ताही नसतो. या विषाणूच्या कवचाभोवती प्रथिनांचा एक गिलावा असतो आणि त्यात एक किल्ली असते. पेशीत शिरल्याबरोबर ही किल्ली पेशीच्या एका प्रथिनाला हाताशी धरून केंद्रकात जाते आणि विषाणूची पहिली जनुकं चालू करते. कातडीत दारापासून केंद्रकापर्यंतचं अंतर नगण्य, किल्ली लगेच पोचते. चेतापेशीत मात्र दारापासून खोलीपर्यंत ते साठ किलोमीटर! संशोधकांचा तर्क असा की कवच गाठीत पोचतं, किल्ली वाटेतच राहते. शिवाय किल्लीला लागणारं पेशीचं ते प्रथिन चेतापेशीच्या केंद्रकात सहसा हजरच नसतं.

तेवढ्यात चेतापेशी आपलं काम करते. आलेल्या परक्या डीएनएला ती हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून घट्ट बांधून टाकते. डीएनएची दोन टोकं जुळून कडं झालेलं असतं. (तोंडाला शेपूट भिडते ती इथे, आणि भिडल्यावर माणूस मरत नाही, विषाणू शांत होतो. हा योगायोगच, पण मला तो फार आवडतो.) आपल्या गुणसूत्रांत हा डीएनए मिसळत नाही, शेजारी वेगळा पडून राहतो. ऐंशीहून जास्त जनुकांपैकी जवळजवळ सगळी बंद. १९८७ साली जॅक स्टीव्हन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांना या शांततेतही एकच आवाज चालू असल्याचं आढळलं: विषाणूच्या डीएनएच्या एका तुकड्याची आरएनए प्रत भरपूर निघत असते. तिच्यापासून प्रथिन मात्र बनत नाही. ती प्रत पेशीला मरू देत नाही आणि बाकीची जनुकं गप्प ठेवायला मदत करते. कांजण्यांच्या विषाणूची अशी प्रत सापडायला २०१८ साल उजाडलं.

जागा निवडण्यात विषाणूची हुशारी दिसते. कातडीची पेशी महिन्याभरात झडते, चेतापेशी जन्मभर टिकते आणि विभागत नाही. तिच्यात लपलं की आयुष्यभराची सोय. आपली प्रतिकारशक्तीही तिथे हात राखून वागते, कारण चेतापेशी मारली तर नवी मिळत नाही. २००८ साली उंदरांवरच्या प्रयोगांत एक सुंदर गोष्ट दिसली. गाठीभोवती पहारा देणाऱ्या टी-पेशी विषाणूने डोकं वर काढलं की एक रसायन सोडतात आणि ते विषाणूचं एक महत्त्वाचं प्रथिन तोडून टाकतं. चेतापेशीला धक्का लागत नाही. चोर पकडायचा, पण घर पेटवायचं नाही. म्हणून ‘सुप्त’ हा शब्द मला थोडा फसवा वाटतो. झोपलेलं कुणीच नसतं. विषाणू अधूनमधून चाचपत असतो आणि पहारेकरी त्याला दाबत असतो.

पहारा ढिला झाला की नागीण निघते. पन्नाशीनंतर या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी कमी होत जातात, हे पहिलं कारण. अनियंत्रित मधुमेह, कर्करोगाचे उपचार, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडं ही पुढची. एचआयव्हीचा फैलाव झाला तेव्हा तिशीतल्या माणसाला नागीण दिसली की डॉक्टर रक्त तपासायला सांगू लागले, आणि आजही तो सल्ला योग्यच आहे.

स्टेरॉइडांची गोष्ट गोठ्यातही खरी आहे. गाईबैलांचाही एक हर्पिस विषाणू असतो, पशुवैद्यक त्याच्या आजाराला आयबीआर म्हणतात. नाक वाहणं, ताप, गाभ टाकणं अशी लक्षणं. तोही चेहऱ्याच्या चेतेच्या गाठीत जन्मभर दडतो आणि लांबचा प्रवास, वेत किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन यांनी जागा होतो. बाधित वळू वरून धडधाकट दिसतो, पण त्याच्या वीर्यातून विषाणू कोणत्या दिवशी बाहेर पडेल याचा नेम नाही. म्हणून कृत्रिम रेतनासाठी वीर्य गोळा करणाऱ्या केंद्रांवर वळूंची आयबीआरसाठी चाचणी करतात.

दोन भावंडांच्या जागं होण्यातही फरक आहे. ओठावरचा विषाणू थोड्याशा चेतापेशींतून, पुन्हा पुन्हा, जवळजवळ चोरपावलांनी येतो आणि चारदोन फोडांवर भागवतो. कांजण्यांचा विषाणू बहुधा आयुष्यात एकदाच उठतो, पण उठला की गाठीतल्या शेजारच्या पेशींत पसरत जातो आणि गाठच पेटवून देतो. म्हणून फोडांआधी तीन दिवस आग होते. तेव्हा तो गाठीत आणि तंतूत असतो, कातडीवर यायचा असतो. आणि म्हणूनच फोड वाळल्यावरही काहींची आग थांबत नाही. खबर देणारी तारच भाजलेली असते, ती खोट्या खबरा देत राहते. सदऱ्याचा स्पर्श सहन होत नाही, रात्री झोप लागत नाही. हे दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त, कधी वर्षानुवर्षं रेंगाळतं. नागिणीची खरी शिक्षा ही आहे.

आता औषध. यासाठी लव्हाळ्याकडे बघा. काळ्या जमिनीत लव्हाळा शिरला की तणनाशक मारा, वरची पात पिवळी पडते, शेत स्वच्छ दिसतं. खाली मातीत गाठी जिवंतच असतात आणि पाऊस पडला की पुन्हा हिरवी सुई वर. असायक्लोव्हिर हे औषध असंच पातीवर चालणारं आहे. त्यातली युक्ती मात्र अफलातून. गोळी पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. तिला चेतवायला विषाणूचंच एक विकर लागतं. जिथे विषाणू नकला काढतो आहे तिथेच ती पेट घेते आणि त्याची डीएनएची साखळी अर्धवटच थांबवते, निरोगी पेशींना जवळपास हात लावत नाही. या संशोधनामागच्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. पण गाठीत गप्प बसलेला विषाणू ते विकर बनवतच नाही, म्हणून औषध त्याला ओळखत नाही. आजमितीला अंगातून हा विषाणू उपटून टाकणारं औषध नाही. सिएटलच्या फ्रेड हच केंद्रात जनुकं कापणाऱ्या कात्र्या उंदरांच्या गाठींत पाठवून ओठावरच्या विषाणूचा बराचसा सुप्त डीएनए नष्ट केला गेला आहे, माणसापर्यंत ते यायचं आहे.

आणि तणनाशकासारखंच, असायक्लोव्हिरचीही वेळ साधावी लागते. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर सर्वांत जास्त उपयोग होतो. गेरूवाल्याबद्दल माझी तक्रार एवढीच आहे. गेरूने अपाय फारसा होत नाही, तो ते तीन दिवस खातो. त्याची कीर्ती टिकून आहे, कारण नागीण तीन-चार आठवड्यांत आपोआपच सुकते. ज्याच्याकडे गेलात त्याला श्रेय. मागे राहिलेल्या दुखण्याचा जाब मात्र त्याला कुणी विचारत नाही, ते ‘वयाचं’ होतं.

पन्नाशीनंतर घेण्याची शिंग्रिक्स ही लस २०२३पासून भारतात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्याच्या आवरणाचं एक प्रथिन असतं. चाचण्यांत तिने दहापैकी नऊ नागिणी टाळल्या. ती सरकारी लसीकरणात नाही आणि कापसाच्या मजुरीवर परवडणारीही नाही. गोळ्या मात्र स्वस्त आहेत आणि पुसद-यवतमाळलाच काय, तालुक्याच्या गावीही मिळतात.

तेव्हा घरात कुणाला एकाच बाजूला, पट्ट्यासारखे, आग होणारे फोड दिसले तर म्हातारीच्या निदानावर विश्वास ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कपाळावर निघाली असेल आणि नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, कारण नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकाच चेतेची शाखा जाते आणि दृष्टी जाऊ शकते. कांजण्या न झालेल्या गरोदर सुनेला जवळ येऊ देऊ नका. आणि फोडांवर खपली धरेपर्यंत आजीने तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊ नये. त्याला नागीण होणार नाही, कांजण्या होतील.